स्पर्धा परीक्षा आणि आपले घर
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त कन्हान येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

समितीने मला पत्र पाठवले त्यात विषय लिहिला होता, 'यूपीएससी परीक्षेची तयारी'. मी केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मी काही आय.ए.एस. अधिकारी नाही. परंतु निवृत्तीनंतर गेली काही वर्षे अभ्यासिकेत मुलांसोबत बसतो, त्यांची उत्तरे तपासतो, त्यांच्या आईवडिलांशी बोलतो. त्या अनुभवाच्या बळावर चार गोष्टी आपल्यासमोर मांडणार आहे. त्यातल्या काही गोड लागतील, काही कडू लागतील. कडू लागल्या तर राग मानू नये.

पालक भेटले की पहिला प्रश्न एकच असतो. "सर, आमच्या पोराले कलेक्टर बनवाचं हाये, कोणता क्लास लावू? किती पैसा लागते?" या प्रश्नात काही चूक नाही. खाणीत पाळी करून आलेल्या बापाने, चार घरची कामे करून आलेल्या आईने हे स्वप्न पाहावे, हीच आपल्या चळवळीची मोठी कमाई आहे. आजोबांच्या काळात असे स्वप्न पाहण्याची सोयही नव्हती. पण क्लास आणि पैसा हे प्रश्न नंतरचे. त्याआधी ही परीक्षा काय आहे, तिथपर्यंत आपण कसे पोहोचलो आणि ती घराकडून काय मागते, हे समजून घेतले पाहिजे.

बांधवांनो, इंग्रजांच्या राज्यात मोठ्या अधिकाऱ्यांसाठी खुली स्पर्धा परीक्षा १८५५ साली सुरू झाली, पण ती लंडनला. परीक्षा द्यायची तर बोटीने सातासमुद्रापार जायचे. ज्यांच्या घरी पैसा त्यांनाच ते शक्य. सत्येंद्रनाथ टागोर हे ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय, ते १८६३ साली. भारतात ही परीक्षा व्हायला १९२२ साल उजाडावे लागले. ती अलाहाबादला झाली. पुढे १९२६ साली पहिला लोकसेवा आयोग स्थापन झाला.

त्याच काळात आपल्या शेजारी, कामठीला काय चालले होते? 'जयभीम' हे अभिवादन ज्यांनी आपल्याला दिले, ते बाबू हरदास एल. एन. १९२७ च्या सुमारास कामठीत रात्रशाळा चालवत होते. दिवसभर काम करून थकलेली माणसे आणि मुले-मुली कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवत होती. त्यांनी संत चोखामेळा यांच्या नावाने वाचनालय काढले, विडी कामगारांची संघटना बांधली. १९३७ साली ते विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ साली, ऐन पस्तिशीत, क्षयाने गेले. एकीकडे अलाहाबादची परीक्षा आणि दुसरीकडे कामठीची रात्रशाळा. या दोहोंमधले अंतर किती होते, याची कल्पना करा.

हे अंतर कापण्यासाठी रस्ता बांधला तो बाबासाहेबांनी. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. लगेच ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात सरकारी नोकऱ्यांचा आणि उच्च शिक्षणाचा प्रश्न ठामपणे मांडला. त्याचा परिणाम म्हणून १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव ठेवण्याचा आदेश निघाला. वयात आणि परीक्षेच्या फीमध्ये सवलत मिळाली ती तेव्हापासून. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. आज आपली मुले जो फॉर्म 'फी नाही' म्हणून भरतात, त्या एका रकान्यामागे एवढा इतिहास आहे. पुढे संविधानाच्या ३१५ व्या कलमाने लोकसेवा आयोगाला घटनेचे संरक्षण दिले. कोणाचा मुलगा आहे, कोणाची शिफारस आहे हे न पाहता गुणांवर माणूस निवडावा, यासाठी ती व्यवस्था आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांना ठाऊक नसते. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म स्वीकारला. त्यानंतर अनेक वर्षे केंद्र सरकारच्या लेखी आपण अनुसूचित जातीत धरले जात नव्हतो. महाराष्ट्रात सवलती मिळत होत्या, पण दिल्लीच्या परीक्षेत 'बौद्ध' लिहिले की सवलत गेली. १९९० साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात संसदेने कायदा केला आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. म्हणजे हा दरवाजा आपल्यासाठी पूर्ण उघडला, त्याला अजून दोन पिढ्याही झालेल्या नाहीत. आपण उशिरा आलो, हे खरे. पण उशिरा आलेल्याने धावताना रस्ता नीट पाहावा.

आता परीक्षेकडे येऊ. तिचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा पूर्व परीक्षा. त्यात दोन पेपर, दोन्ही पर्यायी उत्तरांचे. पहिला सामान्य अध्ययनाचा, १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. दुसऱ्या पेपरात उताऱ्यांचे आकलन, तर्क आणि दहावीच्या पातळीचे गणित. त्यात फक्त ३३ टक्के मिळवायचे असतात. पण 'फक्त' या शब्दावर जाऊ नका. गणित सोडून दिलेली कित्येक हुशार मुले याच पेपरात बाद होतात. पूर्व परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा टप्पा मुख्य परीक्षा. एकूण नऊ पेपर, सगळे लेखी. त्यात एक भारतीय भाषेचा आणि एक इंग्रजीचा, हे केवळ उत्तीर्ण होण्यापुरते, प्रत्येकी २५ टक्के लागतात. बाकी सात पेपरांचे गुण धरले जातात : निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि आपण निवडलेल्या वैकल्पिक विषयाचे दोन. प्रत्येकी २५०, म्हणजे १७५०. तिसरा टप्पा मुलाखत, ती दिल्लीला, २७५ गुणांची. एकूण झाले २०२५.

सामान्य अध्ययनाची, निबंधाची आणि वैकल्पिक विषयाची उत्तरे मराठीतून लिहिता येतात. मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. मुलाखतही मराठीतून देता येते. मराठी शाळेत शिकलो म्हणून आपण कमी, ही भीती मनातून काढून टाका. मात्र प्रश्न इंग्रजीत वाचून उत्तर मराठीत लिहायचे असते, म्हणून इंग्रजी वाचण्याची सवय लागतेच. त्यातून सुटका नाही.

आता थोडे आकडे. २०२३ च्या परीक्षेला देशभरातून १०,१६,८५० जणांनी अर्ज केला. प्रत्यक्ष पूर्व परीक्षेला बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२४. मुलाखतीला पोहोचले २,८५५. शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. त्यात अनुसूचित जातीचे १६५. मुली आणि महिला ३५२.

हे आकडे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. त्यातून दोन गोष्टी शिकायच्या आहेत. एक, अर्ज करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे परीक्षेलाच जात नाहीत आणि जे जातात त्यांतलेही सगळे तयारीने जात नाहीत. खरी स्पर्धा दहा लाखांशी नाही. दोन, मुख्य परीक्षा आणि मुलाखत मिळून २०२५ पैकी साडेनऊशेच्या आसपास गुण मिळवणारा खुल्या गटातला उमेदवारही अलीकडच्या वर्षांत निवडला गेला आहे. म्हणजे निम्म्याहून कमी! इथे नव्वद टक्केवाला लागत नाही. प्रत्येक पेपरात नेमके आणि वेळेत लिहिणारा लागतो.

पण तिसरी गोष्टही या आकड्यांतच आहे आणि ती घरात बोलली जात नाही. नीट अभ्यास केलेल्या मुलांपैकीही बहुतेकांची निवड होत नाही. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या २,८५५ पैकी जवळपास दोन तृतीयांश रिकाम्या हाताने परतले. ते मूर्ख होते काय? आळशी होते काय? अजिबात नाही. तेव्हा निवड झाली नाही म्हणजे मुलगा वाया गेला, असे कोणी म्हणू नये. यावर मी पुढे बोलणार आहे.

अभ्यास कसा करावा? पुस्तकांचा ढीग लागत नाही. सहावी ते बारावीची एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके, राज्यघटनेसाठी एक चांगले पुस्तक, एक नकाशाची वही, रोज एक चांगले वर्तमानपत्र आणि आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. अभ्यासक्रमाचा कागद भिंतीला चिकटवा. जे त्यात नाही ते वाचायचे नाही. मुले पाच पुस्तके एकदा वाचतात. एक पुस्तक पाचदा वाचणारा पुढे जातो.

दुसरे, लिहिणे. आपली मुले वाचतात खूप आणि लिहितात कमी. मुख्य परीक्षेत तीन तासांत वीस उत्तरे लिहायची असतात. हात चालला पाहिजे. रोज दोन उत्तरे घड्याळ लावून लिहा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे हे आपण दर जयंतीला सांगतो. पण त्या अभ्यासातून ते प्रबंध लिहीत होते, निवेदने लिहीत होते, हे सांगायचे राहून जाते. अठरा तास खुर्चीवर बसणे म्हणजे अभ्यास नव्हे. सहा तास मन लावून आणि त्यातले दोन तास लेखणी हातात, एवढे केले तरी पुष्कळ.

तिसरे, आपल्या भोवती पाहणे. मुले म्हणतात, "सर, भूगोल डोक्यात शिरत नाही." अरे बाबा, तू भूगोलावरच राहतोस! ही आपली कन्हान नदी छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते. पेंच तिला येऊन मिळते, पुढे ती वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला जाते. एवढे समजले की गोदावरीचे अर्धे खोरे पाठ झाले. इथल्या खाणीतला कोळसा गोंडवाना काळातल्या खडकांतला. त्या खडकांच्या एका थराला भूगर्भशास्त्रात 'कामठी' हेच नाव आहे. आपल्या शेजारच्या गावाचे नाव शास्त्राच्या पुस्तकात आहे आणि आपल्या मुलाला ते ठाऊक नाही! मनसर-कांद्रीला मॅंगनीज. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. मनसरला १९९८ पासून उत्खनन झाले. अजिंठ्याची पुष्कळ लेणी याच वाकाटकांच्या काळातली, हरिषेण राजाच्या वेळची. इतिहासाच्या पेपरात कलेवर प्रश्न आला की ज्याने अजिंठा डोळ्यांनी पाहिला आहे, त्याचे उत्तर वेगळे उतरते. सहलीला जाताना नुसते फोटो काढून परत येऊ नका.

मुलाखतीतही हेच विचारतात. तुझे गाव कोणते? तिथे काय पिकते, काय बनते? खाणीमुळे पाण्यावर काय परिणाम झाला? नागपूरला पाणी कुठून जाते? कन्हानच्या मुलाने याचे उत्तर दिले नाही तर कोणी द्यायचे? बापाने तीस वर्षे खाणीत काढली असतील तर एक दिवस बापाजवळ बसून विचारा की कोळसा कसा निघतो, पाळी कशी असते, अपघात का होतात. कामगार कायदा पुस्तकात वाचण्याआधी घरातून समजेल. आणि बापाला वाटेल की माझ्या कामालाही काही किंमत आहे.

२०१३ पासून नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. त्यात अधिकाऱ्यापुढचे पेचप्रसंग देतात. वरिष्ठ चुकीची सही मागतो, काय कराल? गरिबाचे अतिक्रमण हटवायचे आहे, कसे हटवाल? पंचशील आणि अष्टांगिक मार्ग लहानपणापासून म्हणणाऱ्या मुलाला हा पेपर परका वाटू नये. पण नुसते म्हणून भागत नाही. सम्यक आजीविका म्हणजे काय, हे लाच देऊ पाहणाऱ्या ठेकेदारासमोर कसे लागू करायचे, ते चार वाक्यांत लिहिता आले पाहिजे.

आता पैशाचा प्रश्न. क्लासवाले जाहिरात करतात, पोरगा म्हणतो दिल्लीला जातो. बाप भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो, आई दागिना गहाण ठेवते. दिल्लीत फी वेगळी, खोलीचे भाडे वेगळे, मेस वेगळी. आणि कशा खोल्या! जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगर भागात एका कोचिंग सेंटरच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून अभ्यास करत बसलेले तीन विद्यार्थी गेले. देशभर हळहळ झाली. ती मुलेही अशाच घरांतून स्वप्न घेऊन गेली होती. म्हणून सांगतो, पहिल्या वर्षी दिल्लीला जाण्याची काही गरज नाही. घरी राहून पायाभूत पुस्तके संपवा, एकदा पूर्व परीक्षेचा सराव करून पाहा, मग ठरवा.

नागपूर इथून वीस-बावीस किलोमीटर. तिथे जुन्या मॉरिस कॉलेजच्या आवारात राज्य शासनाचे भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडतात. पुण्याची बार्टी ही संस्था अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी प्रशिक्षणाच्या योजना राबवते, पुढच्या टप्प्यांसाठी अर्थसाहाय्यही देते. अटी आणि तारखा बदलत असतात, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवणारा एक माणूस विहारात असला पाहिजे. दरवर्षी आपली मुले तारीख निघून गेल्यावर धावत येतात. "सर, माहीतच नाही पडलं." माहिती नसणे ही आपली सर्वात महाग चूक आहे. तिला क्लासच्या फीपेक्षा जास्त किंमत पडते.

तसेच दाखल्यांचे. केंद्राच्या परीक्षेला जातीचा दाखला केंद्राने ठरवलेल्या नमुन्यात लागतो आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' आहे आणि वडिलांच्या कागदावर वेगळे आहे, अशी स्थिती कित्येक घरांत आहे. मुलगा मुलाखतीला निघाला तेव्हा तहसीलच्या चकरा सुरू होतात. बारावीतच सगळे कागद एका फाईलमध्ये लावा. नावाचे स्पेलिंग मार्कशीटवर आणि आधार कार्डावर एकच आहे का, तेही पाहा.

आता सर्वात कठीण गोष्टीवर येतो. किती वर्षे द्यायची?

खुल्या गटाला वय ३२ पर्यंत सहा संधी आहेत. इतर मागास वर्गाला ३५ पर्यंत नऊ. अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षांपर्यंत कितीही वेळा बसता येते. ही सवलत योग्य आहे. आपली मुले उशिरा सुरुवात करतात, मध्ये नोकरी करतात, घर सांभाळतात. त्यांच्यासाठी ती आहे. पण सवलत म्हणजे मुदत नव्हे. सदतिसाव्या वर्षापर्यंत दुसरे काहीच न करता बसून राहा, असे कायदा सांगत नाही. मी अशी मुले पाहिली आहेत, जी आठ-आठ वर्षे अभ्यासिकेच्या त्याच खुर्चीवर बसली. बरोबरीचे कामाला लागले, धाकट्या बहिणीचे लग्न झाले, बाप निवृत्त झाला. हा घरी जाताना मागच्या गल्लीने जातो, कारण पुढच्या गल्लीत कोणीतरी विचारते, "काय बाप्पा, लागला का नाही नंबर?" त्याचे दुःख समजून घ्या. आणि तो प्रश्न विचारणे बंद करा. विचारायचेच असेल तर विचारा, "जेवलास का?"

माझा सल्ला असा. पदवीच्या शेवटच्या वर्षापासून तयारी सुरू करावी. पूर्ण वेळ द्यायचा तो दोन ते तीन वर्षे. सुरुवातीलाच घरात बसून, आई-वडिलांसमोर, कागदावर लिहून ठरवावे की अमुक वर्षापर्यंत पूर्ण वेळ, त्यानंतर नोकरी आणि नोकरीसोबत प्रयत्न. दोन वेळा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे. तीन वेळा पूर्व परीक्षाच निघत नसेल तर थांबून विचार करावा. थांबणे म्हणजे हार नव्हे. हा निर्णय बाविसाव्या वर्षी शांतपणे घेता येतो, तिसाव्या वर्षी तो घेताना घर फाटते.

आणि दुसरी वाट हाताशी ठेवावी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता २०२५ पासून केंद्राच्या धर्तीवर लेखी झाली आहे, म्हणजे एकच अभ्यास दोन ठिकाणी उपयोगी पडतो. बँक आहे, रेल्वे आहे, कर्मचारी निवड आयोग आहे, शिक्षकी आहे. रमेश घोलप यांचे उदाहरण घ्या. बार्शी तालुक्यातले महागाव. आई बांगड्या विकायची, स्वतःच्या पायाला पोलिओ. त्यांनी आधी डी.एड. केले, पदवी मुक्त विद्यापीठातून घेतली, शिक्षकाची नोकरी धरून घर उभे केले. मग अभ्यासाला लागले. २०१० चा पहिला प्रयत्न फसला. पुढच्या वेळी निवड झाली आणि ते आय.ए.एस. झाले. आधी घरात चूल पेटती ठेवली आणि मग स्वप्नाकडे गेले. यात कमीपणा कसला?

जालना जिल्ह्यातले अन्सार शेख रिक्षाचालकाचे पुत्र, मराठी शाळेत शिकले. २०१५ च्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात, एकविसाव्या वर्षी निवडले गेले. धुळे जिल्ह्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड, भिल्ल समाजाचे, वडिलांचे छत्र जन्माआधीच हरपलेले. आईने मोहाची दारू विकून वाढवले. आधी डॉक्टर झाले, मग आय.ए.एस. होऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. ही उदाहरणे मुलांना जरूर सांगा. पण त्यांचा उपयोग धीर देण्यासाठी करा, टोमणे मारण्यासाठी नको. "त्याची आई बांगड्या विकत होती तरी तो झाला, तुले तर सगळं देलं!" असे म्हटल्याने कोणी अधिकारी झालेला मी पाहिला नाही.

माता-भगिनींनो, एक शब्द मुलींबद्दल. मुलगा तयारी करतो म्हटले की घरात टी.व्ही.चा आवाज कमी होतो. मुलगी तयारी करते म्हटले की "भांडे घास, मंग बस अभ्यासाले." आणि तेविसावे लागले की पाहुणे यायला लागतात. मुलाला जी तीन वर्षे दिली ती मुलीलाही द्या. २०२३ च्या यादीत ३५२ मुली आहेत, त्या काही आकाशातून पडल्या नाहीत. कोणत्या तरी आईने त्यांच्या वाटची भांडी घासली आहेत. आणि घरातल्या भावाने घासली असतील तर त्याहून चांगले.

शेवटी विहार समितीला काही सुचवतो. बाबू हरदासांनी कंदिलावर रात्रशाळा चालवली. आपल्याजवळ वीज आहे, पंखे आहेत, पक्का हॉल आहे. पौर्णिमेचा आणि रविवारचा वंदनेचा वेळ सोडला तर तो हॉल कुलूपबंद असतो. इकडे मुलाला दोन खोल्यांच्या घरात बसायला कोपरा नसतो. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत हॉल उघडा ठेवा. दहा टेबले, दहा खुर्च्या, दोन वर्तमानपत्रे, एक नकाशा, एक घड्याळ, पिण्याचे पाणी. मुलींना सुरक्षित वाटेल असा उजेड बाहेर गल्लीपर्यंत. शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड कपाटात आहेतच, त्या कपाटाची चावी अभ्यास करणाऱ्यांच्या हाती द्या. नोकरीत लागलेल्या प्रत्येकाने महिन्याला थोडी रक्कम आणि महिन्यातला एक रविवार द्यावा. रक्कम कमी चालेल, रविवार चुकू नये. उत्तरे तपासायला माणूस लागतो, तो पैशाने मिळत नाही.

आणि एक नाजूक विनंती. एप्रिलमध्ये जयंती येते. आनंदाचा दिवस, तो जोरात झालाच पाहिजे. पण पूर्व परीक्षा बहुधा मे-जूनमध्ये असते आणि बारावीची मुले, प्रवेश परीक्षेची मुले त्याच दिवसांत डोके धरून बसलेली असतात. महिनाभर रात्री बारापर्यंत भोंगा वाजवून आपण बाबासाहेबांच्या कोणत्या विद्यार्थ्याला मदत करतो? मिरवणूक एक दिवस काढा, वाजतगाजत काढा. बाकीच्या दिवशी रात्री नऊनंतर वस्ती शांत ठेवा. डी.जे.च्या खर्चातला चौथा हिस्सा अभ्यासिकेला दिला तरी वर्षभराची वर्तमानपत्रे आणि पुस्तके निघतात. मला माहीत आहे, हे बोललेले काही तरुणांना आवडणार नाही. पण तुमच्यातलाच एक जण उद्या मुलाखतीला जाईल, तेव्हा त्याला हे आठवेल.

१९५६ साली, मार्चमध्ये, आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल खंत व्यक्त केली होती. शिकून नोकरीला लागलेले समाजाकडे वळून पाहत नाहीत, हे त्यांचे दुःख होते. ते दुःख कमी करणे आपल्या हातात आहे. ज्यांची निवड होईल त्यांनी लाल दिव्याच्या आठवणीत रमू नये. गाडीवरचा तो दिवा सरकारने २०१७ सालीच काढला आहे! रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचे काम एका दिवसात होते की दहा चकरा पडतात, हे अधिकाऱ्याच्या सहीवर ठरते. त्या सहीसाठी ही सगळी धडपड आहे.

आणि ज्यांची निवड होणार नाही, त्यांना मी विशेष सांगतो. तुम्ही तीन वर्षे राज्यघटना वाचली, अर्थव्यवस्था वाचली, कायदा वाचला. वस्तीत एवढे वाचलेला दुसरा कोण आहे? नगर परिषदेत अर्ज कसा द्यायचा, शिष्यवृत्ती अडली तर कुठे जायचे, सातवीच्या मुलाला गणित कसे समजवायचे, हे तुम्हाला येते. तुमचे शिक्षण पाण्यात गेले नाही. या हॉलमध्ये येऊन धाकट्या मुलांजवळ बसा. पुढच्या मुलाची दोन वर्षे तुमच्यामुळे वाचतील.

विहाराच्या वर्धापन दिनी आपण मागच्या वर्षांचा हिशेब करतो. देणग्या किती आल्या, रंग कधी लावला, कार्यक्रम किती झाले. पुढच्या वर्षीच्या हिशेबात एक ओळ वाढवा, की अभ्यासिका वर्षात किती दिवस उघडी होती. निकाल आपल्या हाती नाही, दरवाजा उघडा ठेवणे आपल्या हाती आहे.